निळा दिवा विझलेला

मी बोलतोय, खिळ्यावरून. आजवर दुसऱ्यांचेच आवाज पोचवले. आज पहिल्यांदा स्वतःचं गाऱ्हाणं सांगतोय. मी प्रियंकाचा जुना हेडफोन. बिनवायरचा, काळा, डाव्या बाजूला चिकटपट्टी गुंडाळलेला.

सरकारी परीक्षेच्या अभ्यासासाठी तिने मला वणीहून आणलं. फोनमध्ये माझं नाव ठेवलं 'बादल'. घर राजूरचं, दोन खोल्यांचं. तिचे बाबा डोमाजी कोळसा खाणीत पंप चालवतात, आई कांताबाई अंगणवाडीत जाते. घरात सदा माणसांची ये-जा, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, "काहून वं, लागला काय निकाल?"

म्हणून प्रियंकाने युक्ती काढली. मला बंद करायचं आणि कानावर चढवायचं. पाहुणा विचारून विचारून थकायचा नि "पोरगी अभ्यास करून राह्यली" म्हणत उठायचा. आत चिडीचूप! ती मात्र सगळं ऐकत असायची. हे गुपित मी तीन वर्षं पोटात ठेवलं.

बाबा तोंडावर फारसं बोलत नसत. "जेवली काय?" इथंच त्यांची गाडी थांबायची. पण ती मला घालून बसली की दाराशी येऊन, भिंतीशी बोलावं तसं हळूच बोलायचे. दुसऱ्यांदा नापास झाली त्या संध्याकाळी म्हणाले, "नाही झालं त नाही झालं, माय. तू काही वाया नाही गेली. उपाशी नको राहू." ती वळली नाही. पण माझ्या गाद्या भिजल्या आणि पाच मिनिटांत ती ताटावर जाऊन बसली.

पुढे माझ्या लक्षात आलं, बोलण्याआधी बाबा माझ्याकडे बघतात. माझ्या कडेला एक निळा दिवा आहे; मी चालू असलो की लुकलुकतो. पंपाच्या दिव्यांवर नजर ठेवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला दिवा विझला म्हणजे मशीन बंद हे कोणी शिकवायला नको. माझा दिवा विझलेला असेल तरच ते बोलायचे. लेक ऐकतेय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना ठाऊक आहे, हे तिला नव्हतं.

तिसऱ्या खेपेला ती पास झाली. नाशिकला नेमणूक मिळाली. जयंतीला तिचा भाऊ राजदीप नागपूरहून आला तो नवा हेडफोन घेऊन. दारावरून मिरवणुकीचा डीजे चालला होता. "घाल अन् पाह्य मजा," तो म्हणाला. तिने घातला आणि ओरडली, "दादा, काहीच ऐकू येऊन नाही राह्यलं!" जणू आयुष्यात हेच मिळवायचं राहिलं होतं. मी तिच्यासाठी बहिरेपणाचं सोंग केलं, हा पठ्ठ्या खरंच बहिरा.

मग माझ्याकडे बघून हसली. "याचे पापुद्रे कानाले लागते. खाणीतून आल्यावानी दिसते मी." तिच्याच घामाने नि आसवांनी सुटलेले पापुद्रे ते! फोनमध्ये माझ्या नावापुढे 'विसरा' असं होतं, ते तिने दाबलं. खरंच विसरायचं का, असं फोनलाही विचारावंसं वाटलं. तिला नाही वाटलं. आणि नव्याचं नाव काय ठेवलं? बादल. माझंच नाव! गरज सरो, वैद्य मरो.

तेही गिळलं असतं. पण आज संध्याकाळी बाबा दाराशी आले. उद्या सकाळची तिची बस. त्यांनी नव्या हेडफोनकडे नीट पाहिलं. त्याला बाहेर दिसेल असा दिवाच नाही. बाबांना वाटलं, विझलेला आहे.

"प्रियंका," ते हळूच म्हणाले, "मी चार दिवस सुट्टी टाकली हाय. तुया मायले बी नाही सांगतलं. तुयासंग नाशिकले येतो म्हनतो. खोली पाहून देतो अन् वापस येतो. येऊ काय?"

ती गाण्यात रंगलेली. तालावर मान हलवत होती, डावीकडे, उजवीकडे. नाही, नाही.

बाबा "बरं," म्हणाले. आत जाऊन त्यांनी उद्यासाठी काढलेला इस्त्रीचा शर्ट परत पेटीत ठेवला.

मी बोंब ठोकली असती, पण माझं चार्जिंग कधीच उतरलंय.

प्रियंका, तुझा राग आला आहे आणि तो जायचा नाही. मला नाशिकला नेऊ नकोस. पण ज्याला माझं नाव दिलंस, त्याला सकाळी निघण्याआधी एकदा कानावरून उतरव. बाबा तोंडावर "जेवली काय?" एवढंच विचारतील. तेव्हा तूच म्हण, "बाबा, संग चला ना."

शर्टाची इस्त्री अजून मोडलेली नाही.