घरगाडीतली पाणसळ

मी पाणसळ बोलतेय. सुताराच्या, गवंड्याच्या पिशवीत असते ना, तीच. वीतभर लांबीची पिवळी पट्टी, तिच्यात बसवलेली काचेची नळी, नळीत हिरवट पाणी आणि त्या पाण्यात एक बुडबुडा. नळीवर दोन काळ्या रेघा आहेत. बुडबुडा त्यांच्या मधोमध थांबला, तर मी ज्यावर टेकले आहे ते समतल. सरकला, तर नाही. मला आयुष्यात एवढंच कळतं, पण जे कळतं ते पक्कं कळतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते हार्डवेअरचं दुकान. आम्ही पाचजणी एका खिळ्याला टांगलेल्या होतो. एक तरुण सुतार आला. त्यानं आम्हाला एकेक करून काउंटरवर ठेवलं, बुडबुडा बघितला, मग टोकं फिरवून पुन्हा त्याच जागी ठेवलं आणि पुन्हा बघितला. दोन्ही वेळा जी एकच उत्तर देईल ती खरी, हे त्याला माहीत होतं. तिघी तिथंच नापास झाल्या.

दुकानदार वैतागला. म्हणाला, "पाणसळ घेताय की मुलीसाठी स्थळ बघताय?"

"स्थळाची थोडी खोटी माहिती लोक चालवून घेतात," सुतार म्हणाला. "हिची नाही चालत."

अशी मी मिस्त्रींच्या पिशवीत आले. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. त्यांची बायकोसुद्धा लाडात आली की मिस्त्री म्हणायची, आणि रागावली की 'अहो'. सव्वीस वर्षं मी त्यांच्याबरोबर दारांच्या चौकटींवर, ओट्यांवर, कपाटांच्या फळ्यांवर बसले. या काळात माणसांची एक गंमत पाहिली. मी वाकडं म्हटलं की ती फळीवर रागावत नाहीत, माझ्यावर रागावतात. "डोळ्याला तर सरळ दिसतंय," म्हणतात. काहीजण हळूच माझ्या एका टोकाखाली नख सारतात आणि बुडबुडा मधे आला की समाधानाने हसतात. मिस्त्रींनी मला कधी नख लावलं नाही. वाकडं निघालं की ते मुकाट्यानं स्क्रू काढायला बसायचे.

आता घरगाडीचं सांगते, कारण माझी चूक तिथंच झाली. की झाली नाही, ते तुम्हीच ठरवा.

मिस्त्रींनी सामान पोचवणारी एक जुनी बंद गाडी घेतली आणि अंगणात फाटकाकडे तोंड करून उभी केली. आत त्यांना घर बांधायचं होतं. एका बाजूला ओटा आणि छोटं सिंक, दुसऱ्या बाजूला गाडीच्या लांबीला धरून पलंग, वर कपाटं. मग ती गाडी घेऊन नदीकाठच्या अभयारण्यात जायचं, पाण्याजवळ गाडी लावायची आणि तीन दिवस काही करायचं नाही. मिस्त्रींना पाणपक्षी बघायचे होते, बाईंना पाणमांजरं. बाई म्हणजे त्यांची बायको. घराच्या पुढच्या खोलीत त्या शिवणकाम करतात. गिऱ्हाइकांच्या मापांची त्यांची एक वही आहे. तिच्या मागच्या पानांवर दोघांनी सहलीची यादी लिहायला घेतली: पाण्याचे दोन कॅन, दोरी, टॉर्च, गॅसची नळी तपासणे, चाकाखाली लावायच्या फळ्या.

"दुर्बीण एकच आहे," बाई म्हणायच्या. "आधी मी."

"पक्षी उडून जातात. तुझी मांजरं काय, वाळूत लोळत पडतील."

"तुम्हाला काय माहीत? भेटलाय का एखाद्याला?"

आठ महिने काम चाललं. प्रत्येक फळी ठोकण्याआधी मिस्त्री मला तिच्यावर ठेवायचे. बुडबुडा मधोमध येईपर्यंत फळी वर-खाली करायचे, मगच स्क्रू पिळायचे. मी खरं तेच सांगत होते. शेवटचं कपाट लागलं तेव्हा मिस्त्री आत दाराला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सरळ काम."

दोन महिन्यांनी ते गेले. आजार थोड्याच दिवसांचा होता. गाडी फाटकाबाहेरही गेली नव्हती.

तेरा महिने मी पुढच्या खोलीत खिळ्याला पिशवीत लटकत होते. शिवणयंत्राचा आवाज रोज येई. मग एके दिवशी बाईंनी पिशवी काढली, मला पुसलं आणि मशीनवर ठेवून त्यांनी फोन लावला.

"अभयारण्याचं ऑफिस? नदीकाठची एक जागा हवीय. तीन दिवस."

पलीकडच्या कारकुनाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "किती माणसं?"

"एक."

"ड्रायव्हर धरून?"

"ड्रायव्हर धरून एकच."

"बाई, तिथं गाडी समतल लावावी लागते. चाकाखाली फळ्या देऊन. काठाची जमीन आहे, आमचा नियम आहे. जमेल ना?"

"शिकते आहे."

"सात नंबर ठेवतो. बुधवारपर्यंत पक्कं कळवा. नंतर मागे रांग आहे."

त्या दिवशी संध्याकाळी बाईंचे धाकटे दीर आले. ते टेम्पो चालवतात, आणि त्याच टेम्पोवर बाईंना गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. माणूस वाईट नाही. फक्त काळजी वाटली की ते हुकूम सोडतात.

"वहिनी, गाडीला गिऱ्हाईक आणलंय. रविवारी बघायला येतोय."

"मी सात नंबर घेतलाय, भावजी."

"कसला सात नंबर?" मग ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "एकट्या? जंगलात? दादा असता तर गोष्ट वेगळी."

"तुमचे दादा असते तर मला विचारायलाच आला नसता तुम्ही."

शेवटी ठरलं असं: शनिवारी मोकळ्या मैदानावर तालीम करायची. बाईंना गाडी एकटीनं समतल लावून आत राहून दाखवता आलं, तर गाडी नदीवर जाईल. नाही आलं, तर रविवारी गिऱ्हाइकाकडे.

शनिवारी सकाळी गाडी पहिल्यांदा फाटकाबाहेर पडली. मैदान सिमेंटचं होतं, थाळीसारखं सपाट. बाईंनी गाडी लावली आणि मला आत जमिनीवर ठेवलं. बुडबुडा मधोमध. आडवी ठेवली, तरी मधोमध. भावजींनी मान हलवली. "बरं. आता चहा करा."

बाईंनी गॅस पेटवला, पातेलं ठेवलं. पाणी पातेल्यात एका बाजूला चढलं. सिंकमध्ये कप विसळला, तर पाणी मागच्या कोपऱ्यात साचून राहिलं, भोकाकडे जाईना. ओट्यावर ठेवलेलं दोऱ्याचं रीळ हळूहळू निघालं, ओट्याच्या टोकापर्यंत गेलं आणि खाली पडलं. मग वरच्या कपाटांची दारं एकामागून एक आपोआप उघडली.

भावजी पलंगावर आडवे झाले होते. "वहिनी, माझं डोकं खाली आणि पाय वर. सगळं रक्त टाळूत जमतंय."

बाईंनी मला ओट्यावर ठेवलं. बुडबुडा सरळ पुढच्या टोकाला पळाला. त्यांनी माझी टोकं फिरवून पुन्हा ठेवलं. बुडबुडा पुन्हा पुढेच.

"पाणसळ बिघडली असेल," भावजी म्हणाले.

"बिघडली असती तर दोन्ही वेळा वेगळं बोलली असती."

त्या घोटभरही चहा न पिता गाडी घरी घेऊन आल्या. अंगणात नेहमीच्या जागी, फाटकाकडे तोंड करून लावली. मला ओट्यावर ठेवलं: मधोमध. पलंगावर, कपाटाच्या फळीवर: मधोमध. मग जमिनीवर ठेवलं आणि बुडबुडा मागे धावला. बाई खाली उतरल्या आणि अंगणाच्या फरशीकडे बघत उभ्या राहिल्या. सांडलेलं पाणी फाटकाबाहेरच्या गटारात जावं म्हणून ती फरशी उताराची घातली आहे. घर बांधताना मिस्त्रींनीच घालून घेतली होती.

तेरा महिन्यांत पहिल्यांदा मी बाईंना हसताना ऐकलं. हसता हसता त्यांनी गाडीच्या दाराला धरलं.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "गाडीला चाकं असतात हो."

जन्मभर त्यांनी घरांत काम केलं होतं. घर कुठे जात नाही. त्यांनी मला फळीबद्दल विचारलं, मी फळीबद्दल सांगितलं. फळी ज्यावर उभी आहे ते कशावर उभं आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि मला न विचारलेलं सांगता येत नाही. तरी त्या दुपारी मला माझ्या खरेपणाची लाज वाटली.

रविवारी गिऱ्हाईक येण्याआधी भावजी आले. गाडीत चढून त्यांनी सगळीकडे मला ठेवून बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वहिनी, इथं तर सगळं सरळ आहे. तो इथंच बघणार. त्याला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

"मग एक करा. जाल तिथं गाडी तोंड खाली करून लावा. ओटा सरळ, पलंग सरळ."

"आणि मी? जन्मभर उतारावर राहायचं का मी?"

गिऱ्हाईक आलं. पोट सुटलेला, प्रेमळ माणूस होता. कपाटांवरून हात फिरवत म्हणाला, काय काम आहे. बाईंनी त्याला ओट्यापाशी नेलं आणि म्हणाल्या, "हे फक्त या अंगणात सरळ आहे. आणि गाडी विकायची नाहीये. तुमची खेप वाया गेली, चहा घेऊन जा." भावजी फाटकाकडे बघत राहिले.

तो गेल्यावर बाईंनी मापं घ्यायची टेप आणि कापडावर खुणा करायचा खडू आणला. मैदानावर पुन्हा गाडी नेली; पुढचं सगळं काम तिथंच केलं. पलंगाचा पुढचा भाग अडीच बोटं उंच निघाला. "पुढं अडीच, मधे सव्वा, मागे काही नाही," त्या पुटपुटल्या. "तिरक्या घेराचा झगा आहे हा." पलंगाच्या सहा पायांवर त्यांनी खडूच्या रेघा मारल्या, मिस्त्रींची करवत काढली आणि कापायला बसल्या. पहिला पाय वाकडा कापला गेला. त्याखाली पातळ चकती घालून दुसरा घेतला. ओटा काढायचा नव्हता. त्याच्या मागच्या बाजूखाली पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्या सरकवल्या. एकेक कपाट सोडवलं आणि नव्या भोकांवर बसवलं. शिवणकामाच्या वेळेखेरीज दोन दिवस हेच चाललं. बोटाला फोड आला तर त्याला चिंधी गुंडाळून त्या पुन्हा बसल्या. दर वेळी स्क्रू पिळण्याआधी त्यांनी आधी मला गाडीच्या जमिनीवर ठेवलं, मगच फळीवर.

मंगळवारी लेकीचा फोन आला. ती परगावी असते. तिला हे भावजींनीच कळवलं असणार.

"आई, सगळं नको गं उपटूस. एखादं तरी कपाट बाबांनी लावलं तसं राहू दे. आठवण म्हणून."

बाईंच्या एका हातात स्क्रू होता. तो त्यांनी ओट्यावर ठेवला.

"त्यांना कळलं असतं तर त्यांनी ठेवलं असतं का तसं?" त्या म्हणाल्या. "रात्रभर झोपले नसते. स्वतः उपटलं असतं सगळं, आणि मला म्हणाले असते, कुणाला सांगू नकोस. आठवण ठेवायची तर त्यांच्या हाताची ठेवते. त्यांच्या चुकीची कशाला?"

पलीकडे लेक रडत होती. बाई थांबल्या, तिला रडू दिलं, आणि मग दुर्बिणीची काच कशानं पुसायची ते विचारलं.

बुधवारी सकाळी मैदानावर पुन्हा तालीम झाली. भावजींनी मुद्दाम सिमेंटच्या कडेला, खडबडीत जागी गाडी लावायला लावली. बाई उतरल्या, चाकाखाली फळी सारली, चढल्या, हातभर गाडी पुढे घेतली, मला बघितलं, पुन्हा उतरल्या. पाच वेळा. भावजी हात पाठीमागे बांधून उभे होते. मदत करायची नाही, असं त्यांनीच स्वतःला बजावलं होतं, पण सहाव्या वेळी त्यांचा हात सुटायला लागलाच. बाई म्हणाल्या, "राहू द्या, भावजी. तिथं तुम्ही नसणार." सहाव्या वेळी बुडबुडा मधे आला. चहा झाला, सिंकमधलं पाणी गुळगुळ आवाज करत गेलं. भावजी पलंगावर आडवे झाले आणि डोळे मिटून पडून राहिले. मग डोळ्यांवर हात घेतला. बाईंनी त्यांच्याकडे पाठ केली आणि ऑफिसला फोन लावला.

"सात नंबर पक्का करा."

"किती माणसं?"

"एकच. बदल नाही."

आज सकाळी आम्ही निघालो. पाण्याचे कॅन बांधले आहेत, गॅसची नळी तपासली आहे, मापांची वही पुढच्या खणात आहे. बाईंनी मला ड्रायव्हरच्या जागेशेजारी दोन स्क्रूंनी घट्ट बसवलं आहे. आता मी पिशवीत परत जाणार नाही.

वाचकहो, तुमच्याकडे एखादी पाणसळ असेल तर तिला नख लावू नका. आणि ती हो म्हणाली तरी एकदा खाली बघा, आपण कशावर उभे आहोत ते. एवढंच मागणं आहे.

शहर मागे पडलंय. रस्ता वर-खाली होतोय, वळणं येतायत, आणि माझा बुडबुडा या टोकाहून त्या टोकाला नुसता धावतोय. बाई त्याच्याकडे बघतही नाहीत. त्यांची नजर रस्त्यावर आहे. चालत्या गाडीत मला काही विचारायचं नसतं.