विकायला नाहीत

दिवाळी तोंडावर आली की घोडेगावच्या अन्सार बेकरीत विकायच्या मालाला कोपरासुद्धा उरत नाही. सगळी भट्टी गिऱ्हाइकांची. वर तळेघरापासूनच्या बायका घरचं पीठ, तूप, पिठीसाखर डब्यात भरून आणतात, मजुरी देतात आणि नानकटाई भाजून नेतात. ज्याच्या त्याच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी. दुकानाचं असं काही नसतंच.

यंदा अन्सारभाई नव्हते. पावसाळ्यातच ते गेले. भट्टी धाकट्या मुलानं, शाहनवाजनं सांभाळली, आणि पुण्यात ग्रंथपाल असलेली रुमाना रजा काढून गल्ल्यावर येऊन बसली. वडिलांची खुर्ची तिनं बाजूला सरकवली होती. स्वतः स्टुलावर बसायची. मोबाइलच्या नकाशात बेकरीच्या नावापुढे मात्र अजून अब्बांचाच फोटो होता. हातात ट्रे आणि नेमके डोळे मिटलेले. बदलू या म्हटलं की ते म्हणायचे, "राहू दे. नानकटाई चांगली आलीय ना?"

त्या दुपारी भीमाशंकरहून परतणाऱ्या चार मुली आत शिरल्या. भुकेजलेल्या दिसत होत्या. त्यातल्या एकीनं नाचणीच्या नानकटाईकडे बोट दाखवलं. "अर्धा किलो द्या."

"विकायला नाहीत," रुमाना म्हणाली.

"अहो, एवढे ट्रे भरलेत की."

"ते लोकांचे आहेत."

मागे रांग होती. रुमानानं पुढच्या बाईचा डबा तराजूवर ठेवला आणि मुली कधी गेल्या ते पाहिलंही नाही.

दिवेलागणीला शाहनवाज मोबाइल पुढे धरून आला. "आपा, आपण गाजलो."

त्या चौघींतल्या, अवसरीला शिकणाऱ्या समृद्धी नावाच्या मुलीनं रील टाकलं होतं. काठोकाठ भरलेले ट्रे, त्यामागे रुमानाचा मख्ख चेहरा आणि खाली ओळ: 'बेकरी भरलेली, पण माल फक्त लोकांसाठी. आम्ही कोण मग?' सोबत बेकरीला एक तारा.

निम्मे लोक लिहीत होते की असल्या दुकानात पाऊल टाकू नका. उरलेले निम्मे आपले होते, आणि ते जास्त वाईट होते. निमगाव सावाच्या भागू नावाच्या जुन्या गिऱ्हाइकानं मुलीचे कपडे, तिचे आईबाप, तिचं होस्टेल, सगळं काढलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'अन्सारभाईंच्या नावाला हात लावशील तर याद राख.'

"लई पेटलीत आपली माणसं," शाहनवाज खूश होता.

एका ताऱ्याचं रुमानाला फारसं काही वाटलं नव्हतं. पण भागूची ती ओळ तिनं पुन्हा वाचली. ज्या माणसानं भट्टीपुढे कधी आवाज चढवला नाही, त्याचं नाव त्या शिव्यांच्या रांगेच्या टोकाला चिकटलं होतं. उद्या कुणी अन्सार बेकरी शोधली, तर हेच सापडणार होतं.

सकाळी तळेघरच्या झुंबरबाई आपला ट्रे न्यायला आल्या. शाहनवाजनं त्यांनाही रील दाखवलं.

"आगं बया, ह्यो तर माझा ट्रे," त्या हरखल्या. "किती जणांनी बघितला?"

"आपल्या जत्रेला येत नाहीत एवढ्यांनी."

"मग चिठ्ठी सुलटी लावायची ना रं, नाव तरी दिसलं असतं." त्यांनी रील पुन्हा लावायला सांगितलं. मग रुमानाकडे वळल्या. "पोरगी मागत व्हती, तर एक ठेवायची हातावर."

"मावशी, ट्रे तुमचा होता. तुम्हाला न विचारता कशी देऊ?"

"तुझा बा कधी विचारायचा? माझ्याच ट्रेवर हात मारायचा, पावण्याला चाखवायचा, न वर मलाच म्हणायचा, झुंबरबाई, आज तुमचं वजन कमी भरंल." त्या हसल्या. "विकायला न्हाई म्हणून त्याच्या दारातनं कुणी कोरड्या तोंडानं गेलं न्हाई."

रुमानाही हसली. वडील गेल्यापासून या दुकानात ती पहिल्यांदाच हसली होती, आणि ते शाहनवाजच्या लक्षात आलं.

अब्बांचा मिटल्या डोळ्यांचा फोटो लावलेल्या त्या खात्यातून तिनं उत्तर लिहिलं. 'समृद्धी, इथे लोक आपलं पीठ आणून भाजून नेतात, म्हणून ते ट्रे विकता येत नाहीत. पण तुम्हाला एक चाखायला द्यायला हवी होती, ती मी दिली नाही. रविवारी स्वतःचं पीठ घेऊन या. आमच्या बाजूनं जे वाईट लिहिताहेत, त्यांनी ते पुसावं.'

मग तिनं भागूला फोन लावला.

"ताई, मी तर तुमच्याच बाजूनं लिवलं."

"माहीत आहे, भाऊ. पण माझ्या वडिलांना वाचून दाखवता येईल एवढंच ठेवा."

पलीकडे ट्रॅक्टर धडधडत होता. "मग काईच उरत न्हाई, ताई," भागू म्हणाला. पण त्यानं पुसलं. त्याचं पाहून आणखी काही जणांनी पुसलं. सगळ्यांनी नाही.

रविवारी समृद्धी खरंच आली, मान खाली घालून. "ताई, मी आधी विचारायला हवं होतं. ते रील काढलंय मी." मग तिनं डबा पुढे केला. दुसऱ्या घाण्याचं पीठ घेऊन आलेल्या झुंबरबाईंनी तो उघडला. आत कणीक आणि मिठाचं बटर.

"चपात्या लाटायच्यात का?"

"मावशी, होस्टेलच्या मेसमध्ये हेच मिळालं."

झुंबरबाईंनी कपाळाला हात लावला आणि आपल्या डब्यातलं मूठभर नाचणीचं पीठ त्यात टाकलं. पिठीसाखर रुमानानं दिली. शाहनवाजनं ट्रे आत सारला, चिठ्ठीसकट. बाहेर आलं तेव्हा सगळं वितळून एकमेकांत मिसळलं होतं, एकच मोठी तपकिरी चादर. समृद्धीनं त्याचा फोटो काढला.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबवून एक पावणे आत आले. "ही काय भाव?"

समृद्धीनं झटकन ट्रेवर हात आडवा धरला. "विकायला नाहीत." मग रुमानाकडे पाहिलं, चादरीचा कोपरा मोडला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

पावणे बराच वेळ चावत राहिले.

"बरं झालं," ते म्हणाले, "विकायला नाहीत ते."

झुंबरबाईंना हसू आवरेना. रुमानानं अब्बांची खुर्ची गल्ल्यामागे ओढली, तीत टेकून बसली आणि पुढचा डबा तराजूवर घेतला.