चौथा डेमो

आपल्यातच एक जमात आहे. ही माणसं वस्तू विकत घेत नाहीत, नुसती बघतात. चपलांच्या दुकानात सोळा जोड पायात घालून बघतात, गादीच्या दुकानात आडवं पडून एक डुलकी काढतात, आणि कपडे झटकत बाहेर पडतात. बरं, आपण तरी काय करतो? आपण त्यांना चोखंदळ म्हणतो! मी म्हणतो, इतका चांगला शब्द त्यांच्यावर वाया का घालवायचा? आपल्याकडे 'फुकट्या' हा शब्द आहे की, आणि तो अजून चांगल्या अवस्थेत आहे.

अशाच एका फुकट्याची ही गोष्ट. गाव त्याला 'परीक्षक' म्हणायचं, आणि त्यालाही ते आवडायचं. बारा एकर फळबाग, दुमजली घर, दारात गाडी. म्हणजे परिस्थितीने गांजलेला वगैरे माणूस मुळीच नव्हे. दोन वर्षांपूर्वी त्याने जुना उघडा ट्रॅक्टर विकला आणि जाहीर केलं की आता छोटा केबिनवाला घ्यायचा. झाडांच्या दोन ओळींमधून सहज फिरेल इतका अरुंद, आणि फवारणीचं औषध चालवणाऱ्याच्या नाकातोंडात जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी काच असलेला. विचार चांगला होता. पण घेण्याआधी तुलना करायला नको का?

ती तुलना दोन वर्षं चालू होती!

गावात असे ट्रॅक्टर विकणारी तीन शोरूम्स होती. एक पुलाजवळ, एक बाजारात आणि एक हमरस्त्यावर. तिन्ही ठिकाणी पद्धत एकच. गिऱ्हाइकाने विचारलं की शोरूमचा माणूस ट्रॅक्टर घेऊन घरी येतो, तास-दीड तास चालवून दाखवतो आणि जातो. याला डेमो म्हणतात. यातली सोय परीक्षकाने बरोबर हेरली. पुलाजवळच्या शोरूमकडून त्याने अख्ख्या बागेत माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर मारून घेतला. का, तर मातीत कसा चालतो ते कळायला हवं! बाजारातल्या शोरूमकडून सगळी फवारणी. केबिनमध्ये वास येतो का ते बघायला हवं! हमरस्त्यावरच्यांकडून गवत कापून घेतलं आणि वर फळांचे क्रेट गोदामापर्यंत ओढून घेतले. चढावर इंजिन धापा टाकतं का, हेही कळायला नको? पुढच्या हंगामात कामं तीच, फक्त कोणी काय करायचं ते बदललं. दोन वर्षांत त्याने स्वतःच्या बागेत डिझेलचा एक थेंब जाळला नाही.

याचा एक तक्ताही होता बरं का. हॉर्सपॉवर, लिफ्ट किती किलो उचलते, वळायला किती जागा लागते, आरसे, एसी, सीट. प्रत्येकाला दहापैकी गुण, आणि प्रसंगी अर्धा गुणसुद्धा! चहाच्या टपरीवर हा तक्ता उघडला की चार टाळकी जमायची. "साहेब, तुम्हाला कोणी बनवू शकत नाही," असं म्हणून त्याला टाळी द्यायची. या चौघांबद्दल मला परीक्षकापेक्षाही जास्त तिटकारा आहे. फुकट्या निदान स्वतःच्या फायद्यासाठी लाज सोडतो. हे दुसऱ्याच्या फायद्यासाठी सोडतात.

तर त्या दिवशी पुलाजवळच्या शोरूमचा चौथा डेमो चालू होता. डेमोवाला पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. तो सकाळी सातला आला होता. बारा वाजून गेले तरी काम संपेना, तेव्हा त्याने ट्रॅक्टर अंगणाच्या कडेला थांबवला आणि खाली उतरला.

"साहेब, निघू का आता? डेमो दीड तासाचा असतो."

"अहो, घाई कसली? इंजिन तापल्यावर कसं चालतं ते कळलं पाहिजे ना!"

"पाच तास तापलंय साहेब." डेमोवाल्याने फडक्याने मान पुसली. "एक विचारू? घेणार असाल तर तसं सांगा, नसाल तरी सांगा. मालकाने मला शेवटचं बजावलंय. या महिन्यात माझ्या डेमोतून एक तरी गाडी विकली गेली पाहिजे, नाहीतर एक तारखेपासून घरी बसायचं. आज अठ्ठावीस तारीख आहे. तुमचं नसेल तर मी दुसरं गिऱ्हाईक तरी बघतो."

आता कुठल्याही धड माणसाने या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं असतं. परीक्षकाने काय केलं? तो हसला!

"बघतोय ना, तुलना चालू आहे. घाईत घेतलं की फसतो माणूस. तुम्ही तेवढ्या पलीकडच्या सहा ओळी उरकून टाका, मग बोलू."

डेमोवाला पुन्हा केबिनमध्ये चढला, दार ओढून घेतलं आणि त्या सहा ओळींकडे निघाला.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि परीक्षकाची मुलगी आत आली. ती शहरात राहायची, घरांच्या आतल्या सजावटीचे आराखडे काढायचं शिकली होती, आणि गेले पंधरा दिवस एका मोठ्या ऑफिसात नोकरीसाठी चाचणी देत होती. तिचा चेहरा बघून तिची आई हातातलं काम टाकून बाहेर आली. मुलगी पायरीवरच बसली.

"झालं काय? मिळाली का नोकरी?" आईने विचारलं.

"कोणालाच नाही मिळाली." मुलीने चपला भिरकावल्या. "आम्ही चौघं होतो. म्हणाले, तुमची तुलना करायची आहे, प्रत्येकाने एकेक आराखडा काढा. मला स्वयंपाकघर दिलं, एकाला झोपायची खोली, एकीला न्हाणीघर, एकाला दिवाणखाना. अकरा दिवस राबले मी, आई. कपाटांची मापं, नळाची जागा, सगळं. काल सांगितलं, अजून विचार चालू आहे. आणि आज सकाळी मी एका इमारतीखालून चालले होते, तर तिथे सुतार माझाच आराखडा भिंतीला लावून फळ्या कापत होता. खाली माझं नाव होतं, तेवढी पट्टी फाडलेली. चौघांकडून मिळून अख्खं घर करून घेतलं त्यांनी! ऑफिसात विचारलं तर कळलं, आम्हा चौघांनाही नारळ, पुढच्या सोमवारी नवीन चौघं येणार आहेत."

परीक्षकाचं डोकं असं भडकलं की विचारू नका.

"चोर आहेत, चोर!" तो अंगणात येरझाऱ्या घालू लागला. "दिवसाढवळ्या दरोडा हा! माणसाला अकरा दिवस राबवून घ्यायचं आणि वर विचार चालू आहे म्हणायचं? लाज नाही वाटत? दे त्यांचा नंबर. आत्ताच्या आत्ता त्यांची खरडपट्टी काढतो! घ्यायचं नव्हतं तर आधीच सांगायचं, नाही म्हणायचं! पोरीच्या कष्टांवर घर सजवतात, हरामखोर!"

नेमकं त्याच वेळी बागेतला आवाज थांबला. डेमोवाला काचेचं दार उघडून खाली उतरला आणि अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला.

"साहेब, सहा ओळी झाल्या. अजून काय बघायचंय?"

मुलीने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा त्या माणसाच्या घामाने चिकटलेल्या शर्टाकडे.

"काका, हा तुमचा इथला कितवा डेमो?"

"चौथा, ताई."

"आणि एक डेमो किती वेळाचा असतो?"

"दीड तासाचा." एवढंच बोलून तो बाजूच्या नळाकडे हात धुवायला वळला.

परीक्षक घाईघाईने म्हणाला, "हे वेगळं आहे हं! तिकडे माणसाला राबवून घेतलं. इथे कंपनी आहे. त्यांचं मशीन, त्यांचं डिझेल. कंपनीला काय फरक पडतो?"

इतका वेळ पायरीशी उभी असलेली त्याची बायको आता पुढे आली. दोन वर्षं ती प्रत्येक डेमोवाल्याला पाणी नेऊन देत होती आणि नवऱ्याला टोकत होती. आज ती नुसतं टोकून थांबणार नव्हती.

"अहो, त्या काचेमागे कोण बसलं होतं सकाळपासून? कंपनी?"

"अगं, तुला व्यवहारातलं कळत..."

"मला सगळं कळतं! तुमच्या तक्त्यात सीटला साडेआठ गुण आहेत. एकदा तरी बसलात त्या सीटवर? वळायला जागा किती लागते म्हणून गुण दिलेत, एकदा तरी वळवलात? दोन वर्षं तीन शोरूमची माणसं तुमच्या बागेत घाम गाळतायत आणि तुम्ही सावलीत बसून त्यांना मार्क देताय. याला तुलना म्हणतात होय? पोरीला राबवणारे ते शहरातले दरोडेखोर, आणि तुम्ही कोण हो? तुम्ही चोखंदळ!"

बायकोने नळाकडे तोंड वळवलं.

"भाऊ, तुम्ही सांगा. ही तिन्ही यंत्रं तुम्हाला ठाऊक आहेत. आमच्या बागेला कोणतं बरं?"

डेमोवाला थबकला. हातावरचं पाणी झटकलं. मंडळी, त्याची नोकरी त्या क्षणी एका शब्दावर होती. 'आमचाच' एवढं म्हणाला असता तर ती बाई त्याच दिवशी नवऱ्याला पुलाजवळच्या शोरूममध्ये हाताला धरून घेऊन गेली असती. हे त्यालाही कळत होतं. त्याने ट्रॅक्टरच्या छताकडे बोट दाखवलं.

"खरं सांगू का वहिनी? आमचा घेऊ नका. आमचं केबिन चार बोटं उंच आहे. तुमच्या झाडांच्या फांद्या खाली आहेत, छताला घासतात, फळं गळतात. तुमच्या बागेला हमरस्त्यावरचा योग्य. छत बुटकं आहे, वळतोही कमी जागेत. बाजारातला तर फवारणीला नकोच, दाराचं रबर नीट बसत नाही, औषधाचा वास आत येतो."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" परीक्षक ओरडलाच.

"तुम्ही कधी विचारलंत साहेब? चार वेळा आलो. तुम्ही फक्त अजून किती ओळी राहिल्या, एवढंच विचारलंत."

अरे देवा! एक साधा प्रश्न विचारला असता तर दोन वर्षांची तुलना पहिल्याच दिवशी संपली असती! पण संपवायची कोणाला होती? परीक्षक मटकन पायरीवर बसला, मुलीच्या शेजारी. मुलगी सरकून थोडी लांब बसली. दोन वर्षांत त्याला इतकं काही झोंबलं नव्हतं.

"चुकलो मी," तो शेवटी म्हणाला. "शहरातल्या त्या ऑफिसवाल्यांत आणि माझ्यात काडीचाही फरक नाही."

"मला नका सांगू," बायको म्हणाली. "त्यांना सांगा."

त्याने उठून डेमोवाल्याची माफी मागितली. डेमोवाल्याने ती ऐकून घेतली, मान हलवली आणि ट्रॅक्टर घेऊन निघून गेला. मोठ्या मनाने मिठी वगैरे काही मारली नाही, आणि का मारावी?

दुसऱ्या दिवशी परीक्षक पुलाजवळच्या शोरूममध्ये गेला. दोष त्या माणसाचा नाही, माझा आहे, असं मालकाला सांगायला गेला होता. मालकाने कंप्युटरवरून मानही वर केली नाही. "चार डेमो, गाडी शून्य. आणि काल परत येऊन मलाच सांगतो, की मी गिऱ्हाइकाला आपली गाडी घेऊ नका म्हटलं! काढला मी त्याला सकाळीच." डेमोवाला बाहेर फाटकाशी उभा होता. हातात डबा आणि पाठीला लावायची उशी.

"चला माझ्याबरोबर," परीक्षक म्हणाला.

"उपकार म्हणून नको साहेब."

"उपकार कसले? गाडी घ्यायला चाललोय. निवड तुमची आहे, तर तुम्हीच बरोबर हवेत."

हमरस्त्यावरच्या शोरूममध्ये परीक्षकाला बघताच दोन पोरं गोदामात पळाली. मॅनेजरने कसनुसं हसून विचारलं, "या साहेब. आज काय बघायचंय? रोटाव्हेटर की फवारणी?"

"काही बघायचं नाही. गाडी घ्यायची आहे. आज."

मॅनेजरला खरंच वाटेना. खात्री पटल्यावर त्याने विचारलं, "कोणी पटवलं तुम्हाला?"

"यांनी. पुलाजवळच्या शोरूमची नोकरी घालवून तुमची गाडी विकली यांनी. असा माणूस तुम्हाला नको का?"

मॅनेजरने डेमोवाल्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. हिशोबी माणूस, फायदा लगेच ओळखला. "बघू. असं करा, महिनाभर ट्रायल म्हणून येऊ दे. अजून दोघं आहेत, तिघांची तुलना करू. पसंत पडलं तर मग पगाराचं बोलू."

परीक्षक सही करणार होता. त्याने पेन कागदावर आडवं ठेवलं.

"पगार पहिल्या दिवसापासून. आत्ता, माझ्यासमोर लिहून द्या. नाहीतर ही गाडी राहू द्या इथेच."

मॅनेजर मोठ्याने हसला. "साहेब, तुम्ही हे म्हणताय? तुम्ही?"

"हो, मीच! ट्रायल म्हणजे काय असतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? दोन वर्षं ट्रायलच्या नावाखाली लोकांच्या जिवावर खाल्लंय मी."

मॅनेजरचं हसू मावळलं. त्याने कागद ओढला आणि लिहिलं. डेमोवाल्याने तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि मॅनेजरला विचारलं, "यांची गाडी कधी पोचवायची?"

मुलीने त्या ऑफिसला अकरा दिवसांच्या कामाचं बिल पाठवलं आहे. अजून उत्तर नाही. ती दर सोमवारी फोन करते.

आता परीक्षक सुधारला म्हणून त्याच्या गळ्यात हार घालायला मी तयार नाही. दोन वर्षांनी माणसात आला, एवढंच. पण वाचकहो, तुम्ही-आम्ही अजून कुठे आहोत ते तपासा. तुलना जरूर करा, हजार वेळा करा, तो आपला हक्क आहे. पण तुमच्या तुलनेसाठी जो राबतो, तो तुमच्या अंगणातलं यंत्र नाही. त्याचंही घर आहे, महिना आहे, एक तारीख आहे. ज्याचं काम घेतलं त्याला मोबदला द्या, आणि घ्यायचं नसेल तर पहिल्याच दिवशी तोंडावर 'नाही' म्हणा. 'नाही' म्हणायला पैसे पडत नाहीत. तरीही ज्यांना तेवढंही देववत नाही, त्यांना यापुढे चोखंदळ म्हणू नका. त्यांच्या हातावर टाळी तर मुळीच देऊ नका!