डोळे कुठं गेले?

महेंद्रनं उभ्या जन्मात पहिल्यांदा लग्नाचे फोटो काढले ते सख्ख्या बहिणीच्या, आणि तेच नासवले. सोनईत, मे महिन्याच्या भर उन्हात, बुद्धवंदना आटोपल्यावर त्यानं सगळं घर मांडवाबाहेर उभं केलं. नवरा-नवरी पांढऱ्यात, आयाबाया पांढऱ्यात. एवढा पांढरा उजेड बघून ऑटोमॅटिक कॅमेरा बिचकला आणि त्यानं सगळं झाकोळून टाकलं. प्रिंटवर साड्या राखाडी, अन् तोंडं म्हणजे तव्याची बुडं.

लॅबवाला म्हणाला, "तुमची माणसंच तशी. मशीन काय करणार?"

"काळी हायेत," महेंद्र म्हणाला. "पन डोळे हुते त्यांना. ते कुठं गेले?"

लॅबवाल्यानं पुढचं गिऱ्हाईक बोलावलं. असली माणसं रंगावर बोलतात तेव्हा त्यांना रंगाबद्दल बोलायचंच नसतं. काय बोलायचं असतं ते अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे.

नवरी बहीण सायली माहेरपणाला आली होती, सोमवारी परत जायची होती. "दादा, माझ्या मान्सांचा एक तरी फोटो दे," ती म्हणाली. "सासरी काय दाखवू, तवे?"

महेंद्रनं निगेटिव्ह घेतली आणि नगरला दिल्लीगेटजवळ वृषालीचं दुकान गाठलं. दुकान लग्नपत्रिकांचं, पण तिनं निगेटिव्ह वाचणारा स्कॅनर नवाच आणला होता. आजी बनुबाईही हट्टानं आली. म्हणाली, "माझं त्वांड हरवलंय, मीच शोधनार."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आधी अंधारच आला. वृषालीनं सवयीनं उजेडाची पट्टी सरकवली, तसे सगळे पांढरेफटक झाले.

"ही पिठाच्या गिरनीतली मान्सं कुनाची गं?" बनुबाईनं विचारलं.

"सगळ्यांना गोरंच लागतं, आजी."

"मला माझंच लागतं."

वृषाली हसली. केलेलं सगळं पुसून तिनं आजीला शेजारी स्टूल दिलं. मग माऊसनं एकेका चेहऱ्याभोवती रेघ ओढून तेवढ्यातच उजेड सोडत गेली.

"हा रंगनाथ, जांभळाच्या रंगाचा," बनुबाई सांगत गेली. "अजून थोडं. बास, आला. ही पुष्पावती, हिला जरा कमी."

महेंद्र मागं उभा राहून बघत होता. भुवया आल्या, कुंकवं आली, डोळे आले. निगेटिव्हमध्ये सगळं होतं, कुणी बाहेर काढलं नव्हतं एवढंच. शेवटी बनुबाई उगवली, तोंड उघडं टाकून हसणारी.

"तेवढा दात पांढरा कर," ती म्हणाली.

"आजी, आहे तसंच पाहिजे म्हणालात ना?"

"दाताचं निराळं हाय."

तिघंही हसून बेजार झाली. दात पिवळाच राहिला.

सोमवारी सायलीनं फोटोतल्या एकेका तोंडावर बोट ठेवून नावं घेतली. सगळी सापडली. मग तिनं भरलेली बॅग उपसली, साड्या तळाशी घातल्या, फोटो वर ठेवला.

"साड्या चुरगळतील की," आई म्हणाली.

"चुरगळू दे. बॅग उघडली की आधी तुमी दिसले पायजे."