पेनड्राइव्ह माझा आहे

"मी कुठल्याच कंपनीचा मिंधा नाही," असं म्हणत नवऱ्याने कॉम्प्युटर चालवायला विंडोजऐवजी स्वतःचं लिनक्स बांधायला घेतलं. महिनाभर घरातली इकडची काडी तिकडे केली नाही. काल सासूबाईंना समोर बसवून त्याने कॉम्प्युटर चालू करून दाखवला, तेव्हा साहेबांची छाती काय फुगली होती!

आज ऑफिसला जाताना मी कॉम्प्युटरमध्ये खोचलेला माझा पेनड्राइव्ह काढून नेला. संध्याकाळी परतले तर स्क्रीन काळा आणि नवरा डोकं धरून बसलेला. मशीनला जागं करणारा बूटलोडर या विद्वानाने डिस्कवर टाकायचा सोडून माझ्या पेनड्राइव्हवर टाकला होता.

"दे ना जरा तो," तो पुटपुटला.

"देते की. आधी भांडी घास."

कुणाचाच मिंधा नसलेला माझा नवरा मुकाट्याने सिंककडे वळला.