अर्धी आई

दादाच्या कारकिर्दीची सुरुवात मान मोडण्यापासून झाली. पहिल्या प्रदर्शनातल्या पुतळ्याच्या मानेत तार घालायला तो विसरला आणि उद्घाटनाच्या सकाळी डोकं गळून पडलं. दादाने ते पायाने टेबलाखाली ढकललं. समीक्षकांनी लिहिलं, 'डोकं नाकारण्याचं धाडस.' तेव्हापासून दादा धाडसी आहे. पुढच्या वर्षी त्याने हात नाकारले, मग धड. गेल्या प्रदर्शनात नुसत्या टाचा होत्या, एकवीस. एकविसावी कोणाची, यावर परिसंवाद झाला.

घोळ बाबांमुळे झाला. बाबा शिंपी. वर्षभरात नजर जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ते दादाला म्हणाले, "तुझी आई करून दे. हात लावून ओळखता येईल अशी. ती गेली, आता निदान बोटांना तरी सापडू दे."

"बाबा, मी मानवी आकृतीचा पुनर्विचार करतोय."

"तो नंतर कर. आधी एकदा साधा विचार कर."

दादा आठ महिने खपला. नाक जमेना तेव्हा येता-जाता माझं नाक चाचपायचा, कारण ते आईवर गेलंय. शेवटी आई आली. इतकी हुबेहूब, की तिच्यासमोर मी चपला काढून जाऊ लागलो.

आता भरीव मातीचं डोकं भट्टीत फुटतं. म्हणून ते तारेने कानामागून उभं कापायचं, आतून पोखरायचं आणि परत जोडायचं. नेमक्या कापलेल्या दिवशी संग्रहालयाच्या संचालिकाबाई आल्या. चेहरा बघून ओशाळल्या.

"हे... कोणासारखं तरी दिसतंय हो."

मग त्यांना मागचा भाग दिसला. मान आणि अंबाडा.

"जगाकडे पाठ फिरवलेली स्त्री! कायमच्या दालनात ठेवते. जोडू मात्र नका."

दादाने मला बाजूला घेतलं. "बाबांना चेहरा पुरेल ना रे?"

"माणसाला चेहराच तर हवा असतो," मी म्हणालो. मला कोणी विचारतं कशाला?

दोन्ही अर्धे वेगवेगळे भाजले. मागचा दालनात गेला, पुढचा घरी आला. तोवर बाबांना दिसेनासं झालं होतं. त्यांनी बोटं फिरवली.

"नाक तिचंच. अंबाडा कुठाय?"

"बाबा, अख्खा चेहरा आहे की!"

"अरे, दुकानात ती पुढे बसून काजं करायची, मी मागे मशीनवर. पस्तीस वर्षं चेहरा गिऱ्हाइकांनी बघितला. मी अंबाडा बघितला."

दादा पडेल चेहऱ्याने अंबाडा परत मागायला गेला.

"न्या की," बाई म्हणाल्या. "दालनासाठी दुसऱ्या एकाचे गुडघे तयारच आहेत."

गुडघ्यांचं नाव ऐकताच दादा हात हलवत परत आला. मग मीच बाबांना दालनात नेलं. त्यांनी हात पुढे केला तसा पहारेकरी ओरडला, "आजोबा, हात लावायचा नाही!"

"बायको आहे माझी."

"असं सगळेच म्हणतात."

बाबांनी ऐकलं नाही. ते अंबाडा चाचपत उभे राहिले, बराच वेळ. भोवती गर्दी जमली, कोणीतरी डोळे पुसले, बाईंनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी शिल्पाखालची पाटी बदलली: 'माध्यम: भाजलेली माती आणि नवरा.' दादाला पुरस्कार मिळाला.

बाबा आता रोज अकरा ते पाच दालनात असतात. सोमवारी संग्रहालय बंद. त्या दिवशी ते घरी चेहऱ्यावर भागवतात.