हॉर्न तेवढा तुमचा

"मॅडम, तुमच्या पायात देव हाय," असं माऊली सर पहिल्यांदा म्हणाले ते आकाशवाणी चौकात, शिकवणीच्या तिसऱ्या दिवशी. सकाळचे दहा वाजले होते. पुढं सिटी बस, मागं पाण्याचा टँकर, आणि डाव्या अंगाला एक रिक्षा इतकी खेटून, की आतल्या आजीबाईंनी करुणाला माहेर कुठलं ते विचारून घेतलं. सिग्नल सुटला, लागला, परत सुटला. गाडी चार-चार फूट सरकत राहिली, पण बंद पडली का? एकदाही नाही.

करुणा दाभाडे चव्वेचाळीस वर्षांची होती आणि आजवर तिच्या पायाबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं. सासूबाई एवढंच म्हणायच्या, की हिचा पाय घरात टिकत नाही. फुलंब्रीच्या पुढं झेडपीच्या शाळेत ती शिकवायची, आणि सिडकोतून तिथवर अठरा वर्षं काळीपिवळी जीपनं जायची. एक मांडी सीटवर, दुसरी कुणाच्या तरी पिशवीवर. जीपवाला आपल्या सीटवरही दोन माणसं बसवायचा आणि स्वतः दाराबाहेर लोंबकळत गाडी हाकायचा. ते बघून बघून एक दिवस तिच्या मनानं घेतलं: हा माणूस अर्ध्या बुडानं चालवतो, तर आपण पूर्ण बसून का नाही?

म्हणून गाडी घेतली. जुनीच, पांढरी, छोटी. पण तिची क्लच प्लेट नवी कोरी होती, हर्सूलच्या फकिरा मिस्त्रीनं स्वतः टाकलेली. नवरा अतुल म्हणाला, "हौस आहे तर शिक," आणि आपणहून जाऊन माऊली सरांच्या क्लासात तिचं नाव घालून आला. न सांगता त्यानं केलेलं हे बऱ्याच वर्षांतलं पहिलं काम होतं. करुणाला भरून आलं.

माऊली सरांना मैदानावर शिकवणं कमीपणाचं वाटायचं. "मैदानात गाय बी गाडी चालवंल," ते म्हणायचे, "आपण ट्रॅफिकमधीच शिकायचं." आणि नियम एकच, खाली बघायचं नाही, पुढं बघायचं. करुणानं एकवीस दिवस खाली बघितलं नाही. तसंही परक्या माणसाच्या पायांकडं टक लावून बघणं बरं दिसत नाही. अडीअडचणीला सरांकडं एक जास्तीचा ब्रेक असतो, एवढं तिला माहीत होतं. क्लच मात्र तिचा. आणि काय क्लच होता! लोणी. पाय ठेवला की खाली जायचा, उचलला तरी काही म्हणायचा नाही. परीक्षाही सरांच्याच गाडीत झाली, सर शेजारी. करुणा पास. शाळेत पेढे वाटले, घरी वाटले. मुख्याध्यापकांनी परिपाठाला पोरांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. सिडकोतूनच येणाऱ्या मेघा मॅडमनं तर जीपमधली खिडकीची जागा सोडून दिली. ती जागा तिला नऊ वर्षांच्या तपश्चर्येनं मिळाली होती.

"उद्यापास्नं मी तुझ्याच संगं," मेघा म्हणाली.

उद्या उजाडला. गाडी सोसायटीच्या गेटात तीनदा बंद पडली. हर्सूल टी-पॉइंटच्या गर्दीत नऊ वेळा. हा क्लच लोणी नव्हता. पाय जरा उचलला की खालून कुणीतरी तळव्याला ढकलायचं, गाडी उंटासारखी उठायची, एक गचका द्यायची आणि गप्प. मागून हॉर्न सुरू. नवव्या गचक्याला मेघानं पर्स छातीशी धरली.

"करुणा, रागावू नको बाई. पहिल्या तासाला माझं गणित हाय," म्हणाली आणि दार उघडून चालत्या जीपमागं धावली. खिडकी आता गेलीच होती.

करुणानं तिथूनच सरांना फोन लावला.

"गाडीगाडीत फरक असतोय मॅडम," सर म्हणाले. "तुमचा क्लच कडक हाय. पाय पुरा सोडायचाच नाय. अर्ध्यात धरून ठिवायचा आन् रेस द्यायची. बंद पडली तर माझं नाव बदला."

सरांचं नाव बदलायची वेळ आली नाही. गाडी बंद पडेना. पाच आठवडे करुणानं डाव्या पायाला क्षणभर विसावा दिला नाही. टी-पॉइंटला दोन फूट पुढं जायचं, अर्धा क्लच. थांबायचं, अर्धा क्लच. पुढच्या रिक्षावाल्यानं तंबाखू मळेपर्यंत वाट बघायची, तरी अर्धा क्लच. इंजिन विमानासारखं ओरडायचं आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं जायची. मेघा परत आली. डाव्या पोटरीत गोळे यायचे, ते करुणा रात्री तेल लावून बसवायची आणि अतुलला सांगायची, "ड्रायव्हिंग म्हणजे काय चेष्टा नाही." अतुल मान हलवायचा.

चौथ्या आठवड्यात वास यायला लागला. जळकट, घशात बसणारा, चपलेला फोडणी दिल्यासारखा.

"पुढच्या ट्रकचा आहे," करुणा म्हणाली. "काच वर कर."

रोज पुढं ट्रक असायचा, त्यामुळं रोज हिशोब जुळायचा. एकदा तर दया येऊन तिनं काच खाली घेतली आणि सांगितलं, "दादा, तुमच्या गाडीचं काहीतरी जळायलंय बघा."

ट्रकवाला रस्त्याच्या कडेला स्टोव्हवर चहा ठेवून बसला होता. "ताई, माझी गाडी कालपास्नं बंद हाय," तो म्हणाला.

मग एका शनिवारी, शाळेतून परत येताना, हर्सूलच्या अलीकडं गाडी उभी राहिली. बंद पडली नाही, नुसती उभी राहिली. गिअर पडत होता, इंजिन ओरडत होतं, पेट्रोल होतं. जाणं तेवढं नव्हतं. मेघानं खाली उतरून बघितलं की चाकं आहेत ना. होती. शेवटी फकिराच्या गॅरेजपर्यंत ढकलत नेली.

रविवारी दुपारी फकिरानं तिला बोलावून घेतलं. त्याच्या हातात एक काळी, काचेसारखी गुळगुळीत झालेली चकती होती, कडांना निळसर पडलेली.

"मॅडम, ये क्या है, वळखा."

"तवा?"

"तुमची क्लच प्लेट हाय. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेती ती ही. पाय वर घेतला की ही घट्ट चिकटती, दाबला की सुटती. आन् अर्ध्यात धरला की नुसती घासत राहती. लोक साठ-साठ हजार किलोमीटर वापरत्यात. तुमचे दोन हजार बी नाय झाले. मी तीस वर्षं गॅरेज करायलो, असली भाजलेली प्लेट आजवर बघितली नाय."

"क्लच पहिल्यापासून कडक होता फकिराभाऊ. पाय ढकलायचा."

"ढकलणारच की. त्याला स्प्रिंग हाय. ढकलतोय म्हणून तर कळतंय, गाडी कुठं उचलणार हाय ते." फकिरानं डोळे बारीक केले. "शिकताना ढकलत नव्हता?"

"नाही. लोण्यासारखा होता."

"कोणाकडं शिकल्या?"

"माऊली सर."

फकिरानं प्लेट खाली ठेवली, हात पुसले, आणि अगदी हळू आवाजात, दवाखान्यात बोलतात तसं बोलला. "मॅडम, ते लोणी नव्हतं. माऊलीचा पाय होता."

माऊली सरांचीच दुसरी गाडी सर्व्हिसिंगला आली होती. फकिरानं तिचं डावीकडचं दार उघडलं. खाली दोन पेडल होती. एक ब्रेक, एक क्लच. त्यानं डावीकडचा क्लच हातानं दाबला, आणि पलीकडं, चालवणाऱ्याच्या जागी, कुणी नसताना दुसरा क्लच आपोआप खाली गेला. फकिरानं सोडला, तो वर आला. परत दाबला, परत खाली गेला. करुणा बघत राहिली. शेवटी त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

"त्याची प्लेट कधीच जळत नाय," तो म्हणाला. "मला वाटायचं, पोरांना लई चांगलं शिकवतोय."

अठरा वर्षं करुणानं पोरांना शिकवलं होतं की उत्तर स्वतः काढायचं, शेजारच्याचं बघायचं नाही. आणि तिच्या स्वतःच्या परीक्षेत सगळा पेपर शेजारच्यानं सोडवला होता, पायानं. आकाशवाणी चौक आठवला. तो देव. देव होताच, पण शेजारच्या सीटवर.

ती रिक्षा करून थेट क्लासवर गेली. माऊली सर उदबत्ती फिरवत होते. "या मॅडम! पेढे लई भारी होते बरं का."

"गाडी काढा सर. मी चालवते."

सर खुशीनं शेजारी बसले. करुणानं पट्टा लावला आणि म्हणाली, "आता मांडी घाला."

"कशाला?"

"जेवायला बसतो तशी. दोन्ही पाय वर."

सरांनी एकदा खाली बघितलं, एकदा तिच्याकडं. पंचवीस वर्षांत त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी खाली बघितलं नव्हतं, ते या बाईनं बघितलं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मुकाट्यानं बूट काढले आणि सीटवर मांडी घातली.

रविवार संध्याकाळ, जालना रोड. पहिल्या पन्नास फुटांत गाडी दोनदा बंद पडली. आकाशवाणी चौकात चारदा. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"माझ्या प्लेटचा तरी इचार करा मॅडम!"

"मी माझ्या प्लेटचा कुठं केला? तुम्हीच सांगितलं, अर्ध्यात धरा."

"आता काय बोलायचं. आधी मी बी समद्यांच्या पायावर सोडायचो. महिन्याला एक प्लेट जायची. मग म्हणलं, गर्दीत क्लच आपल्याच पायात असलेला बरा."

"मग मैदानात का नाही शिकवत?"

"मैदानात माणसाचं ध्यान पायाकडं जातंय. ट्रॅफिकमधी जिवाची पडलेली असती, पायाकडं कोण बघतंय?"

गाडी सातव्यांदा बंद पडली. करुणानं किल्ली फिरवली.

"म्हणजे त्या एकवीस दिवसांत माझं काय होतं?"

"स्टेअरिंग तुमचंच की!" सर घाईनं म्हणाले. "गिअर बी तुमचा. म्हंजी, मी सांगंल तवा."

"ब्रेक?"

"ब्रेक… निम्मा निम्मा."

"हॉर्न?"

"हॉर्न तेवढा पुरा तुमचा. आईशप्पथ, हॉर्नला मी कधी हात लावला नाय."

सेव्हन हिलच्या अलीकडं गाड्या चार-चार फूट सरकत होत्या. करुणानं पाय हळूहळू वर घेतला. पेडलनं तळव्याला ढकललं. ती घाबरली नाही, तिथंच थांबली. गाडीच्या अंगातून एक बारीक थरथर गेली, बोनेट केसभर उचललं, आणि गाडी चालली. मग तिनं पाय पूर्ण काढला आणि बाजूला ठेवला. चार फूट गेली, थांबली. परत निघाली. सरांच्या तोंडून सवयीनं निघालं, "मॅडम, तुमच्या पायात…" आणि त्यांनी स्वतःच्या मांडीकडं बघितलं.

सिडको चौकाच्या सिग्नलला त्यांना राहवलं नाही. "एक सांगू का? सगळा दोष माझा एकट्याचा नाय. तुमच्या साहेबांना मी म्हणलं होतं, दोन महिने लागतील, बंद पडंल, रडतील, पण शिकतील. साहेब म्हणले, 'तिला कुठं चालवायचीय? हौस आहे. एकवीस दिवस फिरवून आणा आणि बंद पडू देऊ नका, म्हणजे घरी कटकट नको.'"

सिग्नल सुटला. करुणा निघाली. त्या सिग्नलपासून घरापर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही, पण ते तिच्या लक्षातही आलं नाही.

अतुल गेटातच उभा होता. "अरे वा, क्लासची गाडी!" म्हणाला. माऊली सरांना उतरता येईना. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, मांडी सुटेना. शेवटी अतुल आणि वॉचमन यांनी त्यांना तसंच, मांडी घातलेलं, गणपती उतरवतात तसं उचलून कट्ट्यावर ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या एक-दोघांनी नमस्कारही केला.

"अहो," करुणा जिन्यात म्हणाली, "मला कुठं चालवायची होती?"

अतुलला लगेच कळलं. त्यानं कठडा धरला. "तुला वाईट वाटू नये म्हणून गं. पहिल्याच दिवशी बंद पडली असती तर तू रडली असतीस."

"रडले असते. मग शिकले असते."

"मला वाटलं, हौस फिटेल. गाडी दारात राहील. तू जीपनं जाशील, मी नेत जाईन अधूनमधून."

"आणि सांगणार कधी होता?"

"तू एवढी खूश होतीस…"

तिला सरांचा राग आला होता, पण तो राग साधा होता; प्लेट वाचवणाऱ्या माणसाचं वागणं समजतं. हे समजत नव्हतं. पाच आठवडे ती पोटरीला तेल लावत होती आणि हा शेजारी बसून मान हलवत होता. पेढेही त्यानं खाल्ले होते. दोन. दुसरा तर मागून घेतला होता.

त्या संध्याकाळी फकिरा नवी प्लेट टाकून गाडी दारात लावून गेला. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, आणि भांडी रोजच्यापेक्षा जोरात घासली गेली.

सोमवारी सकाळी ती किल्ली घेऊन निघाली, तेव्हा अतुल दाराशी बूट घालत होता.

"मी येतो ना सोबत. नुसता शेजारी बसतो."

"या," करुणा म्हणाली. "पाय घरी ठेवून या."

तो एका पायात बूट घालून उभा राहिला. ती खाली गेली.

मेघानं त्या दिवशी जीपच पकडली होती, त्यामुळं शेजारची सीट रिकामी होती. करुणानं तिथं डबा ठेवला. टी-पॉइंटला नेहमीसारखीच गर्दी होती: उसळीवाला, शाळेची बस, उलट्या दिशेनं आलेला एक टेम्पो आणि त्याला वाट देणारे दहा तज्ज्ञ. ती पाय दाबत होती, सोडत होती, बाजूला ठेवत होती. वास आला नाही. फुलंब्रीपर्यंत गाडी दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा तिनंच पाडली होती.